वाफेचं इंजिन आणि वाचवलेले साडेसातशे रुपये

ईदच्या आठ दिवस आधी मी घरखर्चाची वही घेऊन बसले होते. शेवया, सुका मेवा, फित्रा, मुलांचे कपडे, अम्मांची औषधं असं एकेक मांडताना मधेच एक ओळ दिसली. अक्षर माझं नव्हतं. ‘पितळी सळई, सहाशे ग्रॅम, ५४० रु.’ आणि खाली बारीक अक्षरात, ‘ईदीतून वळते करून घ्यावे.’

धाकटीला हाक मारली. ती तेव्हा नववीत जाणार होती. “हे काय गं?” म्हटलं.

“अम्मी, मला वाफेचं इंजिन करायचंय. चित्र नाही, खरं. पाण्याची वाफ करून चाक फिरवणारं. यादी केलीय मी. हजारभर रुपयांत होईल.”

अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी बदाम सोलत होत्या. त्या म्हणाल्या, “हजार रुपये खेळण्याला? ही फुजूलखर्ची नाही तर काय?” अब्बा, म्हणजे सासरे, काही बोलले नाहीत. पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथवर टर्नर म्हणून काढलेला माणूस. निवृत्त होऊन नऊ वर्षं झालेली. त्यांनी यादी मागून घेतली, चष्मा लावून दोनदा वाचली आणि एवढंच म्हणाले, “हजारात होणार नाही.”

ते खरं ठरलं. किती लागले, कशाला लागले, त्यातले किती वाया गेले आणि कुणामुळे, हे या महिन्यात सांगायचं आहे. वाया जाण्यातला मोठा वाटा माझा आहे. म्हणून हा लेख दोन महिने पुढे ढकलत होते.

वेड आलं कुठून?

उरुसात किंवा जत्रेत पत्र्याची एक छोटी होडी मिळते. आत मेणबत्तीचा तुकडा पेटवायचा, परातीतल्या पाण्यात सोडायची, की फट-फट-फट करत ती कडेकडेने फिरू लागते. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी तिच्यासाठी हट्ट केलेला असेल. ती होडी म्हणजे सगळ्यात स्वस्त वाफेचं इंजिन. आतल्या चपट्या डबीतल्या पाण्याची झटकन वाफ होते आणि ती नळ्यांतलं पाणी मागे ढकलते. लगेच वाफ निवते आणि नळ्या पुन्हा पाणी ओढून घेतात. बाहेर पडणारं पाणी एका धारेत सरळ मागे जातं, आत येणारं पाणी मात्र चहूबाजूंनी येतं. म्हणून होडी पुढेच जाते, मागेपुढे हिंदकळत राहत नाही.

पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आयुका संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिथे अरविंद गुप्तांनी कितीतरी वर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. ते स्वतः आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं पाहून आम्ही शाळेत थंड पेयाच्या डब्याचा पातळ पत्रा, दोन स्ट्रॉ आणि एम-सील एवढ्यावर ही होडी केली होती. वर्गातल्या चाळीस मुलांत धाकटीही होती. तिथून तिचं डोकं फिरलं.

दुसरं कारण आमचं धरण. मुळशीच्या मुलांना धरण नवीन नसतं, पण ते बांधलं कशासाठी हे विचारलं तर ‘पाण्यासाठी’ असं उत्तर येतं. ते बांधलं विजेसाठी. मुंबईच्या कापड गिरण्या कोळसा जाळून वाफेवर चालत. त्या वाफेच्या जागी वीज आणायची म्हणून टाटांनी मुळशीचं पाणी अडवलं. ते पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडून तिथे वीज तयार होऊ लागली. त्यासाठी इथल्या मावळ्यांची शेतं आणि गावं बुडाली. १९२१ साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह झाला. मी वर्गात म्हटलं होतं, “वाफ जाऊन वीज आली, त्याचा हिशेब गिरणीच्या वहीत आहे. शेतं गेली, त्याचा हिशेब कुठल्या वहीत आहे ते तुम्ही आजोबांना विचारा.” घरी आल्यावर धाकटीने वेगळाच प्रश्न विचारला. “अम्मी, वाफ एवढी चांगली होती तर आता कुठे बघायला मिळेल?”

मग एका रविवारी तिला कोथरूडला जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियमला नेलं. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून १९९८ साली ते उभं राहिलं. आम्हा पौडकरांना ते पुण्याच्या वाटेवरच पडतं. सिग्नल, पूल, बोगदे, एकाच वेळी धावणाऱ्या चिमुकल्या गाड्या. बाहेर पडताना ती म्हणाली, “ह्या विजेवरच्या आहेत. मला वाफेवरचं हवंय.”

खेळण्याला एवढा पैसा?

अम्मांचा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. आपल्याकडे इस्राफ, म्हणजे गरज नसताना उधळणं, ही साधी गोष्ट मानत नाहीत. आणि आमचं घर पगारावर चालणारं. म्हणून त्या रात्री मी अम्मांना आदमजी पीरभॉयांची गोष्ट सांगितली. मुंबईचे बोहरा व्यापारी, सर ही पदवी मिळालेले. त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने नेरळहून माथेरानला डोंगर चढून जाणारी छोटी रेल्वे बांधायचं मनावर घेतलं. दोन फुटी रूळ आणि त्यावर चढणारी वाफेची इंजिनं. १९०७ साली गाडी सुरू झाली. खर्च आला सोळा लाख रुपये, त्या काळचे, आणि ते दिले बापाने. अम्मा म्हणाल्या, “ती गाडी लोकांच्या उपयोगाची होती.” बरोबर होतं ते.

मग दुसरी गोष्ट सांगितली. मुंबईला माझगावचे अर्देशीर कर्सेटजी वाडिया. पारशी, जहाजं बांधणाऱ्या घराण्यातले. १८३०च्या दशकात, पंचविशीच्या आसपास असताना, त्यांनी एक अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन स्वतः तयार केलं. तेव्हा आपल्याकडे रेल्वे यायला वीस वर्षं अवकाश होता. १८३४ साली त्यांनी आपला माझगावचा बंगला गॅसच्या दिव्यांनी उजळून दाखवला. पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं. तो मान मिळालेले ते पहिले भारतीय. त्या एक अश्वशक्तीच्या इंजिनाने कुणाचं पोट भरलं नसेल, पण ज्या हातांनी ते केलं ते हात तयार झाले.

अम्मा म्हणाल्या, “म्हणजे तू ठरवूनच बसलीस.” अब्बा भिंतीकडे तोंड करून पडले होते, ते हसल्याचं मला ऐकू आलं. जाता जाता धाकटीने आपलीही गोष्ट सोडली. तकीउद्दीन नावाच्या विद्वानाने १५५१ साली लिहिलेल्या पुस्तकात वाफेच्या झोताने आपोआप फिरणारी कबाबची सळई वर्णन केली आहे. अम्मा लगेच म्हणाल्या, “मग ते कर. निदान खाता तरी येईल.”

ठरलं असं की हजार रुपये तिची ईदी आणि साठवलेले, वरचे मी देईन. आणि प्रत्येक रुपया वहीत.

धातू स्वस्त, नेमकेपणा महाग

तिने निवडलं ते सगळ्यात साधं इंजिन. त्यात सिलेंडर स्वतःच एका खिळीवर डुलतो. डुलताना त्याचं भोक एकदा वाफ येण्याच्या भोकासमोर येतं, एकदा वाफ बाहेर जाण्याच्या भोकासमोर. त्यामुळे वेगळे व्हॉल्व्ह करावे लागत नाहीत. सिलेंडर, पिस्टन, क्रँक आणि जड चाक एवढाच संसार.

सामान गोळा करणं मजेचं होतं. पितळ आणि स्क्रू रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून. चाकासाठी जुन्या बाजारात एक बिडाची पुली शंभर रुपयांना मिळाली. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या त्या बाजारात अब्बा दोन तास रमले. पोलादी सळई, स्प्रिंग, बारीक स्क्रू मिळून १६० रुपये.

पहिली चूक तिची. घरच्या हातड्रिलने तिने सिलेंडरचं भोक पाडलं. दिसायला गोल, पण अब्बांनी त्यात सळई सरकवून उजेडाकडे धरली तर एका बाजूने उजेड दिसला. “इथून सगळी वाफ पळून जाईल,” ते म्हणाले. पिस्टन आणि सिलेंडर यांच्यात केसाएवढीही फट चालत नाही, आणि फट अजिबात नसेल तर पिस्टन अडकतो. तो अंदाज हाताला येत नाही. त्याला लेथ लागतो आणि शेवटी भोक नेमकं करणारा रीमर लागतो. दहा मिलिमीटरचा रीमर ४५० रुपये, ड्रिलची पाती आणि आटे पाडायचा टॅप ३८० रुपये. वाया गेलेल्या तुकड्याच्या जागी नवं पितळ १८०.

लेथचं काम पिरंगुटला एका छोट्या वर्कशॉपमध्ये झालं. तासाला ३५० रुपये. वर्कशॉपवाल्यांनी आधीच बजावलं, “मॅडम, मुलगी बघायला येऊ दे, पण मशीनजवळ ओढणी नको.” फिरत्या लेथमध्ये कापडाचं टोक गेलं की माणूस ओढला जातो. ती अब्बांचा जुना सदरा घालून, बाह्या घट्ट दुमडून, केस बांधून उभी राहिली. फुफूंनी साताऱ्याहून फोनवर विचारलं, “मुलगी कारखान्यात कशाला?” अब्बा म्हणाले, “मी गेलो होतो ना तीस वर्षं. मग नात गेली.” तीन तासांचे १०५०, आणि चुकलेल्या सिलेंडरपायी पुन्हा एक तासाचे ३५०.

जून उजाडला, मुळशीचा पाऊस सुरू झाला. एका रात्री तिने इंजिनाला सायकलचा पंप जोडला आणि हवा मारली. चाक दोनदा गरगरलं आणि थांबलं. तेल घातलं, स्प्रिंग सैल केली, पुन्हा पंप. मग ते असं फिरायला लागलं की पंप मारून तिचे हात दुखले तरी ती थांबेना. तोवर खर्च झाला होता ३२१० रुपये. तिच्या हजाराच्या तिप्पट.

माझी काटकसर

आता बॉयलर. म्हणजे ज्यात पाणी उकळून वाफ दाबाखाली साठते ते भांडं. तांब्याच्या नळीचा वीत-सव्वा वीत तुकडा, दोन्ही टोकांना तांब्याच्या चकत्या. नळी आणि चकत्या ५२० रुपयांत आल्या. प्रश्न होता जोडायचा.

फ्रिज-एसी दुरुस्त करणारा एक कारागीर म्हणाला, चांदी मिसळलेल्या सळईने गॅसच्या ज्योतीवर जोडून देतो, सामानासकट ९०० रुपये. मी तीन हजारांच्या वर गेलेल्या हिशेबाकडे बघितलं आणि दुसरीकडे विचारलं. तिथे साध्या कथलाच्या डाखाने दीडशेत होत होतं. त्या माणसाने विचारलंही, “मॅडम, पाणी साठवायचं असेल तर चालेल. दाबाचं काम असेल तर नको.” मी म्हटलं, “खेळणंच आहे.” सेफ्टी व्हॉल्व्ह ५५० रुपयांचा होता, तो पुढच्या पगाराला आणू असं मीच ठरवलं. अब्बा त्या आठवड्यात साताऱ्याला होते. ते असते तर यातलं काहीच झालं नसतं.

रविवारी दुपारी अंगणात तिने बॉयलरखाली स्पिरिटचा दिवा लावला. पहिली वाफ आली, इंजिन थोडं फिरलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग इंजिन अडकलं. ती वाकून चाक हाताने फिरवून सोडवायला गेली, दिवा तसाच जळत होता. मी दाराशी चहाचा कप घेऊन उभी होते. फट् असा आवाज झाला. बॉयलरची एक चकती सुटून समोरच्या भिंतीवर आदळली आणि उकळतं पाणी तिच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपराकडे, उडालं.

चकती तिच्या चेहऱ्याच्या वीतभर बाजूने गेली. हे मी नंतर भिंतीवरची खूण बघून मोजलं.

नळाखाली हात धरला आणि वीस मिनिटं वाहत्या पाण्यात ठेवला. अम्मा टूथपेस्ट घेऊन धावल्या, मी त्यांना थांबवलं. भाजल्यावर टूथपेस्ट, तूप, हळद, बर्फ काही लावायचं नसतं. साधं वाहतं पाणी आणि मग डॉक्टर. डॉक्टरांनी पट्टी बांधली, म्हणाले, डोळे वाचले हे नशीब. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, “अम्मी, पाणी कमी झालं होतं. मी बघायला हवं होतं.” मला बोलता आलं नाही.

रात्री अब्बा परतले. त्यांनी बॉयलरचा तुकडा हातात घेतला, सुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. डाख ओळखायला त्यांना एक क्षण लागला नाही. “किती वाचवलेस?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “साडेसातशे.” त्यांनी तुकडा माझ्यापुढे ठेवला आणि नमाजला उठले.

नेमकं काय चुकलं

हे शिक्षिका म्हणून सांगते, कारण त्यानंतर मी नीट समजून घेतलं. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. जागा मिळाली नाही की दाब वाढतो. आपला प्रेशर कुकर साधारण एक किलो दर चौरस सेंटिमीटर एवढ्या दाबावर चालतो. आत पाणी सुमारे १२० अंशांवर असतं. कुकरला शिट्टी असते, ती बिघडली तर दुसरा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आमच्या बॉयलरला दोन्ही नव्हतं. इंजिन अडकलं आणि वाफेला जायला वाटच उरली नाही.

दुसरी गोष्ट डाखाची. कथील-शिशाचा साधा डाख साधारण १८३ अंशांना वितळतो, आणि त्याच्या बराच आधी कमजोर होतो. भांड्यात पाणी आहे तोवर तांबं पाण्यापेक्षा फारसं तापत नाही. पाणी खाली गेलं की कोरड्या भागावर ज्योतीचा सगळा मार बसतो आणि डाख सुटतो. चांदीच्या सळईचा जोड सहाशे अंशांच्या वर वितळतो. ९०० आणि १५० मधला फरक हा आहे.

तिसरी गोष्ट कायद्याची. मोठ्या बॉयलरला सरकारी निरीक्षकाची तपासणी लागते. पंचवीस लिटरपेक्षा लहान भांडं त्या कायद्याच्या बाहेर राहतं. म्हणजे आमचा बॉयलर तपासायला कुणी येणार नव्हतं. लहान आहे म्हणून मी त्याला खेळणं समजले. खरं तर कुणी तपासणार नव्हतं म्हणूनच मी तपासायला हवं होतं.

दुसरा बॉयलर

मला वाटलं होतं, इंजिन माळ्यावर जाईल. पट्टी सुटल्यावर पंधरा दिवसांनी अब्बाच म्हणाले, “अर्धं काम टाकायचं नसतं. भीती हातात राहते.” अम्मांनी विरोध केला नाही. फक्त म्हणाल्या, “या वेळी पैशाला बघू नका.” ज्या बाईने हजार रुपयांना फुजूलखर्ची म्हटलं होतं, तिने हे म्हणावं!

या वेळी अब्बा स्वतः नातीला घेऊन कसबा पेठेत तांबट आळीत गेले. जाड तांबं घेतलं. नळी आणि चकत्या ७२० रुपये, चांदीच्या सळईचं काम ९००, सेफ्टी व्हॉल्व्ह ५५०, दाब दाखवणारा गेज ४००. एकूण २५७०.

मग तपासणी. बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरला, हवेचा बुडबुडाही राहू दिला नाही, आणि हातपंपाने दाब दिला. चालवायचा होता दीड किलोला, तपासला तीन किलोला, दुप्पट. पाणी का? कारण हवा आणि वाफ दाबली की स्प्रिंगसारखी ताणून बसते, भांडं फुटलं तर झेपावते. पाणी जवळजवळ दबतच नाही, जोड सुटला तर नुसतं गळतं. दहा मिनिटं काटा हलला नाही. अब्बांनी गेजकडे बघत मोजलेली ती दहा मिनिटं मला फार लांब वाटली. नंतर सेफ्टी व्हॉल्व्ह दीड किलोला उघडतो की नाही, ते वाफ करून तीनदा पाहिलं. तेव्हा सगळे भिंतीआड उभे होतो.

डिसेंबरात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात इंजिन सात मिनिटं चाललं. चाकाला जोडलेल्या खेळण्यातल्या मोटरवर एक छोटा दिवा लागला. टेबलापुढे दोरी बांधली होती, दोरीच्या आत फक्त ती आणि अब्बा. एका मुलाने विचारलं, “ताई, केवढ्याला पडलं?” तिने उजव्या हाताने डावी बाही वर केली आणि म्हणाली, “सहा हजार नऊशे तीस, आणि हे.”

वहीतला हिशेब

ज्यांच्या घरी असं वेड असेल त्यांच्यासाठी वहीतलं पान देते.

इंजिन, चुका आणि हत्यारं धरून: ३२१० रु.
फुटलेला बॉयलर: ६७० रु.
दुसरा बॉयलर, व्हॉल्व्ह आणि गेजसह: २५७० रु.
पुण्याला चार फेऱ्यांचं भाडं: ४८० रु.
एकूण: ६९३० रु.

यात रीमर, पाती, टॅप ही हत्यारं ८३० रुपयांची, ती पुन्हा पुन्हा वापरता येतात. चुकांत गेले १२०० रुपये. ते आणि प्रवास वगळला तर तेच इंजिन दुसऱ्यांदा ४४२० रुपयांत होईल. बॉयलर न करता नुसतं सायकलच्या पंपावर चालवायचं तर १८५०. चार मुलांनी मिळून केलं तर प्रत्येकी पाचशेच्या आत. आणि पत्र्याच्या डब्याची होडी जवळजवळ फुकट. सुरुवात होडीपासूनच करावी, मग हवेवरचं इंजिन. त्यातून जवळजवळ सगळं शिकून होतं आणि कुणी भाजत नाही. बॉयलर सगळ्यात शेवटी, आणि घरात किंवा ओळखीत धातुकाम जाणणारा मोठा माणूस असेल तरच.

अम्मांच्या प्रश्नाचं उत्तर मला उशिरा मिळालं. ५४० रुपयांचं पितळ इस्राफ नव्हतं, ते आजही टेबलावर फिरतंय. चुकलेला सिलेंडरही नव्हता, त्यातून ती गोल म्हणजे काय ते शिकली. इस्राफ होता तो ६७० रुपयांचा बॉयलर. तो मी काटकसर समजून घेतला. आपण आया हिशेब जपतो, ते चांगलंच आहे. पण गॅसची जुनी नळी आणखी एक वर्ष चालवणं, कुकरची झिजलेली रिंग उलटी करून लावणं, मुलाला हेल्मेट ‘नंतर’ घेणं, ही सगळी माझ्या साडेसातशे रुपयांची भावंडं आहेत. जिथे जोडावर माणूस टिकून आहे तिथे स्वस्त डाख चालत नाही.

आता हत्यारं शाळेच्या कपाटात ठेवली आहेत. चार मुली आणि दोन मुलं शनिवारी शाळा सुटल्यावर थांबतात. अब्बाही येतात, चष्मा आणि डबा घेऊन. त्यांनी आधी होड्या केल्या, मग पंपावरचं इंजिन. परवा बॉयलरच्या सामानाची यादी आणून दाखवली. पहिली ओळ सेफ्टी व्हॉल्व्हची होती. पुढे किंमत लिहिली नव्हती. ‘जी पडेल ती’ असं लिहिलं होतं.